वडाच्या तालमीचा परदेशी गोलकीपर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर खणीच्या तालमीची माणसं सांगतील, आणि तिखटमीठ लावून सांगतील.

कोल्हापुरात वडाची तालीम आमची, खणीची तालीम त्यांची. मधे एक रस्ता आणि एक पानपट्टी. दरवर्षी डिसेंबरात दोन्ही तालमींचा फुटबॉलचा सामना होतो आणि जिंकणाऱ्याला पितळी हंडा मिळतो. पूर्वी हा तरुणांचा सामना होता. पण संघातली जागा सोडायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे आम्ही म्हातारे होत गेलो तसा सामनाही आमच्याबरोबर म्हातारा होत गेला. आता ढेऱ्या सुटलेली बावीस माणसं त्या हंड्यामागे धावतात आणि त्यांच्या बायका काठावर लिंबूपाणी घेऊन देवाचं नाव घेत बसतात.

सामन्याचे नियम मी लिहिले, अठ्ठावन्न साली. त्या वर्षी खणीवाल्यांनी पणजीहून एक भाडोत्री खेळाडू आणला. गोवा तेव्हा पोर्तुगालचा. त्या बाबाने आमच्यावर तीन गोल केले आणि रश्शाची तीन वाडगी पिऊन निघून गेला. मी संतापलो. मी कॉलेजात शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. सातवा नियम लिहिला : ‘परदेशी नागरिकास या सामन्यात खेळता येणार नाही.’ खाली दोन्ही तालमींच्या सह्या घेतल्या.

वीस वर्षं तो नियम कुणाच्या आड आला नाही. मग अठ्ठ्याहत्तर साली अमीन आला.

अमीन आमचा गोलकीपर. उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला होता, सदुसष्ट साली विलायतेला गेला. बर्मिंगहॅमला तेच काम, तोच धूर, पगार तेवढा वेगळा. अकरा वर्षांनी महिनाभराच्या रजेवर आला, तो मुद्दाम सामन्याची तारीख साधून. त्याची आई, ताजबी मावशी, हिने मला जेवायला बोलावलं होतं. तिथे त्याने खिशातून निळा पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

“आण्णा, मी तिथला नागरिक झालो.”

“मग हितला?”

“हितला न्हाय आता. आपलं सरकार दोन ठेवू देत न्हाय. एक घेतलं की दुसरं गेलं.”

“अरं, पण घेतलंस कशाला?”

“बायकू तिथं, पोरं तिथं. आज म्हणत्यात ऱ्हावा, उद्या म्हणतील चला उठा. भ्या वाटलं.” त्याने दुसरा पासपोर्ट काढला, भारताचा. त्याचा कोपरा कातरलेला होता. “वकिलातीतल्या सायबाला म्हटलं, दोन्ही ठेवतो की, मला काय जड होत न्हाईत. त्यानं कात्रीच घेतली.”

“म्हशीला दोन दावी बांधली म्हणून म्हस मरती व्हय?” ताजबी मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. सरकारला हा प्रश्न कुणी विचारला होता का, कोण जाणे.

अमीन हसला नाही. मुंबईला विमानतळावर त्याला परदेशी माणसांच्या रांगेत उभं केलं होतं. अधिकाऱ्याने गोड आवाजात विचारलं होतं, भारतात किती दिवस राहणार? ते त्याला लागलं होतं. “आण्णा, एकदा गोलात उभा ऱ्हातो. तिथनं तरी माझं नाव कुणी खोडलेलं नसंल,” तो म्हणाला. मला भडभडून आलं. सातवा नियम मात्र त्या क्षणी मला आठवला नाही.

खणीवाल्यांना आठवला. त्यांचा कारभारी गुंडू कोर्टात वकिलाचा कारकून, त्याला कायद्याचा वास लांबून येतो. दुसऱ्याच दिवशी लेखी हरकत आली. सामन्याच्या आधी मैदानावर सुनावणी ठरली. पंच कृष्णात मास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, दोन्ही तालमींच्या पोरांना सारख्याच छड्या मारलेले.

गुंडूने एवढ्यावर भागवलं असतं तर ठीक. पण त्याने सगळ्या खणीला ताकीद दिली की हा माणूस परदेशी आहे, तेव्हा कुणी त्याला ओळख दाखवायची नाही. शिवी तर अजिबात द्यायची नाही. शिवी दिली की ओळख शाबीत होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. खणीवाल्यांनी अमीनचं नाव ‘फाटक’ ठेवलं होतं. एकसष्ट साली त्यांच्या आकारामने मारलेला एक चेंडू अमीनच्या दोन पायांतून गोलात गेला. बैलगाडी जाईल इतक्या सावकाश गेला. तेव्हापासून अमीन रस्त्यावर दिसला की “फाटक उघडं हाय का रं?” अशी हाळी यायची, आणि पुढे जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही. आकाराम तर सतरा वर्षं त्या एका गोलावरच जगत होता. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून गिऱ्हाइकाच्या हातात ग्लास देताना तो गोल सांगायचा. गोल पुरा ऐकल्याशिवाय ग्लास सोडायचा नाही.

हरकतीच्या दुसऱ्या दिवशी अमीन हौसेने कट्ट्यावर गेला. सोबत मी होतो. आकारामने वर बघितलं. त्याचे ओठ हलले, गालफडं फुगली. मग त्याने आवंढा गिळला.

“या पावणं,” आकाराम म्हणाला. “म्हशीचं दूध हाय. निर्मळ हाय. घ्या.”

अमीनचं तोंड उतरलं. “आकाराम, मी हाय की.”

“असाल की. कुठल्या गावचं म्हणायचं?”

पानपट्टीवर तेच, न्हाव्याकडे तेच. खणीची पोरं त्याला बघून रस्ता सोडून उभी राहायची. एकाने तर नमस्कार केला. बायडाबाई, आकारामची आई, जिने लहानपणी अमीनला लाटण्याने झोडपलं होतं, तिने त्याला “बसा हं दादा” म्हणून पाट दिला. चार दिवसांत माणूस वाळला. मी म्हटलं, अरे, मान मिळतोय, घे की. तर डोळे पुसत म्हणाला, “बर्मिंगहॅमात मला समदी मिस्टरच म्हणत्यात. मान तिथं लई हाय, आण्णा. मी हितं शिव्या खायला आलोय.”

रविवारी मैदानावर टेबल मांडलं. गुंडूने सातवा नियम खणखणीत आवाजात वाचला आणि शेवटी माझं नाव जरा जास्तच मोठ्याने वाचलं. लोक माझ्याकडे बघून हसले. जमीन दुभंगली असती तर मी नियमपुस्तक घेऊन आत गेलो असतो.

मास्तरांनी आकारामला विचारलं, “ह्या माणसाला तू ओळखतोस?”

“न्हाय.”

“कधी बघितलंस?”

“कट्ट्यावर दूध प्यालेत. सभ्य वाटलं.”

ताजबी मावशी काठावरून ओरडली, “आरं, माझ्या हातचा शीरखुर्मा तीस वर्षं गिळलास की मुडद्या!” मास्तरांनी तिला गप्प बसवलं. मग ते अमीनकडे वळले. “तुझं काय म्हणणं?”

अमीन उठला. पासपोर्ट त्याने टेबलावर ठेवला, निळा आणि कातरलेला, दोन्ही. मग खाली मान घालून बोलला.

“पावण्यांचं बरोबर हाय, मास्तर. कायद्यानं मी परदेशी. आणि त्यांनी मला कधी बघितलं न्हाय म्हणत्यात, तर तेबी खरं असंल. एकसष्ट साली एक चेंडू माझ्या पायातनं गेलता खरा. पण त्यो कुणी मारलता, आता ध्यानात न्हाय. ह्यांनी तर न्हाय. ह्यांनी मला बघितलंच न्हाय की.”

आकारामचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. गुंडू त्याची बाही ओढत होता, “गप, आकाराम, गप!” पण सतरा वर्षांचा गोल माणसाच्या डोळ्यांदेखत चोरीला जात असताना गप कोण बसणार?

“ए फाटक!” आकाराम असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. “कुणी मारलता म्हणतोस? ह्या पायानं मारलता, ह्या! तू वाकलायस, चड्डी फाटलीय तुझी, चेंडू गेलाय पायातनं, आणि तू मागं बघून म्हंतोस आऊट हाय! लबाड तवाबी हुतास आणि आताबी हायस!” आणि पुढे तो पाच मिनिटं बोलला. त्यात अमीनच्या सात पिढ्या आल्या, फाउंड्री आली, बर्मिंगहॅमही आलं. श्वास संपला तेव्हाच थांबला.

अमीनने हे मुद्दाम केलं की मनातलं दुःख बोलून गेला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर नुसता हसतो.

मास्तरांनी चष्मा पुसला. “हरकत फेटाळली,” ते म्हणाले. “परदेशी माणसाला कोल्हापुरात एवढ्या शिव्या कोण देत न्हाय. त्याला आपण जेवायला घालतो.”

सामना झाला, साठ मिनिटांचा. एकोणसाठ मिनिटं शून्य-शून्य. आमचा हंडा जवळजवळ ठरलेला, कारण बरोबरी झाली तर हंडा गतसालच्या विजेत्याकडे राहतो, आणि गतसाली आम्ही जिंकलो होतो. शेवटच्या मिनिटाला आकाराम धापा टाकत आमच्या गोलापाशी आला. त्याच्यात लाथ मारण्याइतकाही जीव उरला नव्हता. त्याने चेंडू नुसता ढकलला. चेंडू गडगडत, गडगडत गेला. अमीन वाकला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चेंडू जाळीत होता. अमीनच्या दोन पायांतूनच गेला होता.

खणीची अख्खी गल्ली मैदानात घुसली. “फाटक! फाटक! फाटक उघडं हाय!” पोरं, म्हातारी माणसं, बायडाबाई, सगळे बोंबलत होते. ज्यांचा जन्म एकसष्टनंतरचा, तेही. मी रागाने फणफणत गोलाकडे धावलो. हंडा गेला होता, आणि त्या क्षणी मला अमीनचा गळा धरायचा होता.

अमीन खांबाला टेकून मातीत बसला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“आण्णा,” तो म्हणाला, “ऐकलंस? वळखलं की मला समद्यांनी.”

मग मीही त्याला चार शिव्या घातल्या. त्याने त्या डोळे मिटून ऐकून घेतल्या आणि म्हणाला, “आणखी घाल.”