तोंडावर सांगा

"या पत्रात चूक आहे," डाउवे म्हणाला.

येल्मरने कपाळावर हात मारला. "बघ रिक्स्ट, हेच! गटातून काढतोय तरी याचं चालूच!"

रिक्स्ट म्हणजे मी; इथे पोरं शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात. नेदरलँड्समधल्या लेवार्डनच्या या कॉलेजात मार्केटिंगच्या पहिल्या वर्षाचे गट मी सांभाळते, आणि अशा बैठकीत मार्गदर्शकाने मध्ये तोंड घालायचं नसतं. गप्प बसणं मला मुळीच जमत नाही, पण बसले.

डाउवे पहिलं वर्ष दुसऱ्यांदा करत होता. गट गेला की प्रकल्प गेला, आणि प्रकल्प गेला की कॉलेजचं दार बंद. तिसरी संधी इथे कुणाला देत नाहीत. हे चौघांनाही ठाऊक होतं.

सगळं सुरू झालं त्या चाचणीपासून. गटात कुणाचं बळ कशात आहे, ते शोधायची आमची एक चाचणी असते. येल्मर निघाला पुढारी, बाउक्ये कल्पक, सीत्स्के सगळ्यांना सांभाळून घेणारी. डाउवेच्या वाट्याला आलं 'पारखी'. बिचाऱ्याने ते नेमून दिलेलं काम समजून मनावर घेतलं. प्रकल्पातला मस्टर्ड, म्हणजे मोहरीचा सॉस, ट्यूबमध्ये भरून तरुणांना विकायची बाउक्येची कल्पना? ट्यूब महाग पडेल. येल्मरचं वेळापत्रक? त्यात परीक्षा धरलेल्याच नाहीत. रोज उठून हेच. शेवटी तिघं वैतागले.

"कसली चूक?" मी विचारलं.

"कुणाला काढायचं तर बाकीच्या प्रत्येकाने कारण तोंडावर सांगायचं, असा नियम आहे. यांनी ते फोनवर पाठवलंय, आणि तसं पत्रातही लिहिलंय. असा निर्णय वर कॉलेजकडे गेला की परत येणार." त्याने पत्र येल्मरपुढे सरकवलं. "म्हणून आत्ता सांगा. मी बसलोय."

अरे वेड्या, गप्प राहिला असतास तर वाचला असतास! अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

येल्मर खाकरला. "तू... म्हणजे, तुझ्यामुळे काम पुढे सरकत नाही." हे तो टेबलाकडे बघून म्हणाला.

"बरं. पुढे?"

बाउक्येचे कान लाल झाले. "मी काहीही सुचवलं की तू त्यावर पाणी ओततोस. आता मला सुचवायचीच भीती वाटते. खरंच वाटते रे."

हे मात्र त्याला लागलं. "हे मला कळायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

राहिली सीत्स्के. आजवर ही मुलगी कुणाला नाही म्हणाली असेल तर शपथ. तिने डाउवेकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत राहिला.

"मला नाही म्हणायचं. याला काढायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, काल तर हो म्हणालीस!" येल्मर उसळला.

"काल तू विचारलंस. तुला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं." तिचा आवाज चिरकला. "सगळ्यांना हो म्हणणं हेच माझं बळ असेल तर नको मला ते! पारखी म्हणून तर तो गटात हवा ना आपल्याला? बोलायची रीत वाईट आहे त्याची, ती सांगू त्याला. हाकलायचं कशाला?"

"आणि याच्यापायी सगळेच नापास झालो तर?" येल्मरने विचारलं.

"तर माझ्या नावाने बोंबल."

काढायला तिघांचाही होकार लागतो; एकीने नकार दिला, म्हणजे निर्णय बाद. डाउवे गटात राहिला. मी तसं सांगताच येल्मर खुर्ची धाडकन मागे सारून निघून गेला. बाउक्ये त्याच्या पाठोपाठ गेली, पण दारात थांबून डाउवेला "उद्या दहाला" एवढं म्हणाली. सीत्स्के डोळे पुसत तोंड धुवायला गेली.

डाउवे जागचा हलला नाही.

"जा की रे आता घरी," मी म्हटलं.

"जातो." दोन्ही हातांनी त्याने टेबलाची कड धरली होती. "पाय थरथरतायत, रिक्स्ट. जरा बसलो तर चालेल?"

मी शेजारची खुर्ची ओढली. खिडकीखाली पोरं आपापल्या सायकली सोडवत होती, त्यांच्याकडे बघत आम्ही दोघं बसून राहिलो.