दहावी 'अ'चं इंग्रजी

सरला इंग्लंडला जाऊन काय काय मिळवणार, याचा हिशेब सुमतीबाईंनी ती विमानात बसायच्या आधीच मांडून ठेवला होता. एक जाड कोट, तोही मावसबहिणीचा, आल्यावर परत द्यायचा. एक प्रमाणपत्र, जे हेडसर काच लावून ऑफिसात टांगणार. आणि गावच्या साप्ताहिकात फोटो, खाली नाव हमखास चुकलेलं. या तीन गोष्टी बाईंनी मोठ्या मनानं तिला सोडून दिल्या. चौथी मात्र सोडण्यासारखी नव्हती. दहावी 'अ'चं इंग्रजी.

नऊ वर्षं ते सुमतीबाईंकडे होतं. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात कुणीतरी आपण होऊन सरकून कडेची जागा द्यायचं आणि म्हणायचं, "बाई, आमचा धाकटा यंदा तुमच्याकडे." ती जागा, तो 'यंदा', सगळं त्या एका तासाच्या जिवावर. आणि इंग्लंडहून शिकून आलेली बाई शाळेत असताना दहावीचं इंग्रजी कल्याणच्या पुढं न गेलेल्या बाईकडे कोणता हेडमास्तर ठेवील?

बरं, शिक्षकांसाठीच्या त्या इंग्लंडच्या शिष्यवृत्तीचा सरलाचा अर्ज तपासून दिला होता तो सुमतीबाईंनीच. वयाची अट पस्तिशीच्या आत. बाई एक्केचाळीसच्या. आपल्याला नाही तर भिवंडीच्या या पोरीला तरी कोण घेतंय, अशा भरवशावर त्यांनी तीन आर्टिकलं घातली, दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि शुभेच्छाही दिल्या. अर्ज मंजूर झाला तेव्हा पेढा खाताना त्यांना ती तीन आर्टिकलं एकेक करून आठवली.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत सरला गेली. तिकडच्या एका ट्रेनिंग कॉलेजात एक टर्म, आणि जवळच्या शाळेत सराव पाठ. सहा वर्षं नोकरी झालेली बाई पुन्हा विद्यार्थी-शिक्षिका, आणि मागच्या बाकावर शेरे लिहायला बसलेली निरीक्षक! सुमतीबाईंना तेवढाच दिलासा.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निळं, घडीचं, मुंगीच्या अक्षरांनी काठोकाठ भरलेलं. सुमतीबाईंच्याच नावानं. शेवटी लिहिलं होतं, 'बाई, सगळ्यांना वाचून दाखवा.'

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले आणि बाईंनी आधी मनातल्या मनात नजर फिरवली. सरलाच्या खोलीत डेबी नावाची एक अमेरिकन पोरगी होती, तीही शिकाऊ शिक्षिका. वर्गातली इंग्रज पोरं या डेबीच्या उच्चारांची नक्कल करून हसायची. सरलाचं फळ्यावरचं अक्षर पाहून मात्र तिथल्या मुख्याध्यापकांनी दुसऱ्या शिक्षकांना बोलावून आणलं होतं. एकच उणं निघालं. निरीक्षक बाईंनी शेरा दिला होता, 'फार मोठ्यानं बोलता.' पहिल्या बाकावरच्या मुलीनं कानावर हात ठेवले होते.

आता मोठ्यानं न बोलून सांगता कुणाला? शाळेच्या भिंतीला भिंत लावून अय्यूबशेठचे कापडाचे चोवीस लूम. सकाळच्या शिफ्टपासून खटाखट खटाखट. त्यावर आवाज चढवल्याशिवाय तिसऱ्या बाकापर्यंत नाम पोचत नाही, क्रियापद तर लांबच. भिवंडीत शिकलेली शिक्षिका देवघरातसुद्धा जाहीर सभेतल्यासारखी बोलते.

सुमतीबाईंनी घसा साफ केला आणि वाचलं, "'पोरं उच्चारांना हसतात. मोठ्यानं बोलते म्हणून शेरा मिळाला. एका मुलीनं कान झाकले.'" फळ्याची ओळ त्यांनी पोळीच्या घासाबरोबर गिळली. कुणाचे उच्चार, तेही गिळलं.

बाईंची अपेक्षा होती की हशा पिकेल. गणिताचे खलीलसर डबा बाजूला सारून उभेच राहिले.

"हसतात? आपल्या सरलाबाईंना? अरे, ये क्या बात हुई! लूमच्या बाजूला एक तास घेऊन दाखवा म्हणावं त्या मॅडमला. दस मिनिट में गला बैठ जाएगा."

"परक्या देशात एकटी पोर," हबीबाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "खाते काय गं ती? ते नाही लिहिलं?"

लिहिलं होतं. डेबी तिला कॉलेजच्या कँटीनमध्ये नेऊन सफरचंद भरलेला गरमागरम ॲपल पाय खिलवायची. "उकडलेले बटाटे," सुमतीबाई म्हणाल्या. "नुसते. मीठसुद्धा आपण घालायचं."

झालं. हबीबाबाईंच्या नणंदेचे दीर बर्मिंगहॅमला निघालेच होते. त्यांच्या बॅगेत मसाला गेला, सुकट गेली. सरला सुकट खात नाही हे कुणाला आठवलं नाही. महादू शिपाई पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा राहू लागला.

"आज बी न्हाय आलं, बाई. पोरगी बरी हाय ना?"

दुसऱ्या पत्रात बर्फ होता आणि बर्फात काढलेल्या सहलीचं दोन परिच्छेद वर्णन होतं. सुमतीबाईंनी बर्फ तेवढा ठेवला. त्या दिवशी स्टाफनं मिळून सरलाला धीराचं पत्र लिहिलं. खाली एकवीस सह्या, सर्वांत वर बाईंची. आठ वर्षांपूर्वी बाईंना कावीळ झाली होती तेव्हा भेटायला चौघं आले होते, त्यातले दोघं रजेचा अर्ज कुठं ठेवलाय ते विचारायला.

तिसरं पत्र येईपर्यंत बाईंना चूक उमगली. आपण दुःख वाढतोय आणि सरला वाढतेय! त्यांनी पवित्रा बदलला. आता नुसतं सुख वाचायचं. पोरगी तिथं मजा मारतेय आणि तिचे तास आपण घेतोय, हे एकदा यांच्या डोक्यात भरलं की काम फत्ते.

"'डेबी आणि मी समुद्रावर गेलो,'" त्यांनी अगदी ठसक्यात वाचलं. "'खूप हसलो. मुख्याध्यापकांनी पाठाचं कौतुक केलं. दिवस कसे जातात कळत नाही.'"

डब्यांतले हात थांबले. पलीकडचे लूम तेवढे चालू होते.

"बघा," खलीलसर हळूच म्हणाले, "हमको तकलीफ न हो, म्हणून कसं लिहिते. आम्हाला कळत नाही का?"

"आतल्या आत रडत असणार," हबीबाबाई म्हणाल्या. "पुन्हा वाचा ना ते, हसलो म्हणून."

बाईंनी पुन्हा वाचलं. दोघीतिघींचे डोळे पुन्हा भरले.

एप्रिलअखेर सरला आली. गालांवर रंग चढलेला, चांगली तीन किलोंनी भरलेली. "सुजलीय बिचारी," असं ठरलं.

जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आदल्या दिवशी हेडसरांनी सुमतीबाईंना ऑफिसात बोलावलं. भिंतीवर प्रमाणपत्र काचेत लागलेलंच होतं.

"बाई, यंदा दहावी 'अ' सरलाबाईंना देतोय. तुम्हाला आठवी 'क'."

"इंग्लंडला गेली म्हणून?"

"छे हो! इंग्लंडचं काय कौतुक? परवा ठाण्याला एक गृहस्थ भेटले, तेही जाऊन आलेत, छत्री विसरून आले फक्त. मी तर ठरवलं होतं, दहावी तुमच्याकडेच ठेवायची. नऊ वर्षांचा अनुभव आहे. पण ही पोर तिथं हसं सोसून, उपाशी राहून, पूर्ण करून आली. स्टाफचंही तेच म्हणणं पडलं. असं माणूस दहावीच्या पोरांपुढं उभं राहायला हवं."

"ती चांगली मजेत होती, सर!"

"असं कसं म्हणता? पत्रं तर तुम्हीच वाचून दाखवलीत."

तिन्ही पत्रं बाईंच्या पर्समध्ये होती. मांडीवरच्या, याच पर्समध्ये. काढून टेबलावर ठेवली असती तर फळ्यावरचं अक्षर, ॲपल पाय, बर्फातली सहल, सगळं हेडसरांनी आपल्या डोळ्यांनी वाचलं असतं. आणि बाईंनी काय काय गिळलं, तेही. बाईंचं बोट पर्सच्या खटक्यावर गेलं, तिथं जरा वेळ थांबलं आणि मागं आलं.

"आठवी 'क' म्हणजे लूमकडची खोली ना?" त्यांनी विचारलं.

"हो. दहावी आम्ही लायब्ररीच्या बाजूला नेतोय. सरलाबाईंना आता मोठ्यानं बोलायची सवय राहिली नाही."

जिन्यात सरला भेटली. बाईंसाठी लोकरीची शाल आणली होती, ती तिनं हातात दिली आणि तिकडून आणलेल्या त्या नव्या हळू आवाजात म्हणाली, "बाई, महादूमामा मला रोज विचारतात, पोरं लई हसली का म्हणून. हसायची ती डेबीला. मी तसं लिहिलं होतं ना?"

सुमतीबाईंनी शालीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"असू दे," सरला हसली. "मी होते त्यापेक्षा तुमच्या वाचनात बरीच मोठी झाले. शाल आवडली का?"

"ऊबदार आहे," बाई म्हणाल्या. बाहेर अंगाची लाही होत होती.

पहिल्याच आठवड्यात एके दुपारी आठवी 'क'मध्ये क्रियाविशेषण चालू असताना वीज गेली. चोवीसच्या चोवीस लूम एकदम गप्प. बाईंचा आवाज मात्र होता तिथंच राहिला, आणि रिकाम्या हवेतून थेट लायब्ररीपर्यंत गेला. दोन मिनिटांत महादू दारात.

"बाई, हेडसर सांगतात, जरा हळू."

पहिल्या बाकावरच्या एका पोरीचे हात कानांवर होते.

सरलाच्या इंग्लंडचा खर्च असा निघाला. विमानाचं तिकीट बोलावणाऱ्यांनी दिलं. कोट मावसबहिणीनं दिला. मसाला आणि सुकट हबीबाबाईंनी, एकवीस सह्या स्टाफनं. दहावी 'अ'चं इंग्रजी तेवढं एकट्या सुमतीबाईंनी दिलं, तेही भर मधल्या सुट्टीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून.