नावे सांभाळणारी पेटी

मित्रांनो, पत्र्याला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटत असेल. पण मला वाटते. मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. एका मदत केंद्रात टेबलाखाली माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात दोनशेच्या वर माणसांची नावे आहेत. जिन्यावर अनोळखी बूट वाजले की आजही माझ्या छातीत धस्स होते. का, ते ऐका.

ज्याने मला घडवले तो पेटीवाला फार कमी बोलायचा. माझा शेवटचा खिळा ठोकल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "ही वाकायची नाही." आयुष्यातली माझी पहिली शाबासकी तीच. मला एका शाळामास्तरीणबाईंनी विकत घेतले. त्यांच्या दर बदलीला मी सोबत गेले, कधी बैलगाडीत, कधी ट्रकवर. बाई थकल्या, तशी मी माळ्यावर गेले. तिथे अकरा वर्षे मला कुणी विचारले नाही. झुरळे तेवढी यायची.

मग बाईंच्या मुलीने मला खाली उतरवले. तिने दोन खोल्या भाड्याने घेऊन हे केंद्र सुरू केले होते. सगळे तिला ताई म्हणतात. इथे कोण येत नाही? आगीत घर गेलेले, मार खाऊन घराबाहेर पडलेले, डोळ्यांसमोर कुणाचा तरी मृत्यू पाहून झोपच उडालेले. हातात पैसा नाही आणि मनात वादळ, अशी माणसे. त्यांच्या फायली ताईंनी माझ्यात ठेवल्या. मला कुलूप होते, आणि कपाट घ्यायची ऐपत नव्हती.

मी जमिनीवर असल्याने मला माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांच्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा लावला होता. तो जमिनीपासून हातभर वरच होता. खालून पाय दिसायचे, आणि आत कुणी हुंदका दिला तर बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जायचा. पुष्कळ जण अर्धे बोलून गप्प व्हायचे.

म्हणून ताईंनी अनुदानासाठी अर्ज केला. दार असलेली एक खोली हवी, समुपदेशक रोज हव्यात, फायलींना नीट जागा हवी. उत्तर आले, "या आठवड्यात तपासणीला आमचा माणूस येईल." झाले, सगळ्यांची धांदल उडाली. ताईंनी जिन्यावर चिठ्ठी लावली, 'अनुदानाच्या तपासणीमुळे या आठवड्यात थोडी गैरसोय होईल.' कागदपत्रे बघणाऱ्या काकांना त्यांनी बजावले, "काका, काही लपवायचं नाही. मागतील ते दाखवायचं." काका पोस्टातून निवृत्त झालेले, शब्दाला जागणारे. त्यांनी मान डोलावली.

मंगळवारी दुपारी ताई एका आजीबाईंना घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. काका टेबलापाशी होते. झाडलोट करणाऱ्या मावशी मागे भांडी विसळत होत्या. पडद्याआड खुर्चीवर शिवणवाली समुपदेशक बाईंची वाट बघत बसली होती. शिवणकाम करते म्हणून तिला सगळे तसे म्हणायचे. नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. लहान मुलीला घेऊन ती पळून आली होती, आणि तिचा नवा पत्ता फक्त माझ्यातल्या एका फायलीत होता.

जिन्यावर बूट वाजले. तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेले. ते थेट टेबलापाशी आले.

"मी अनुदानाच्या तपासणीला आलोय."

काका ताडकन उठले. "या, या साहेब! मावशी, पाणी आणा."

"पाणी राहू द्या. फायली दाखवा."

काका खाली वाकले आणि त्यांनी मला टेबलाखालून बाहेर ओढले. कुलूप उघडले. माझे झाकण वर गेले. "कुठून सुरू करू, साहेब? तारखेप्रमाणे लावल्यात."

"शिवणकाम करणारी एक बाई येते ना, छोटी मुलगी घेऊन? तिची काढा. नमुना म्हणून बघतो."

त्याच क्षणी मी पडद्याखाली पाहिले. शिवणवालीने दोन्ही पाय हळूच वर खुर्चीवर ओढून घेतले. चपला तेवढ्या खाली राहिल्या.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मला तोंड असते तर मी ओरडले असते. काका पाठमोरे होते. त्यांनी काहीच पाहिले नव्हते. फाईल त्यांच्या हातात आली होती.

पण पाणी घेऊन आलेल्या मावशींनी ते पाय पाहिले होते. त्यांनी पेला ठेवला आणि कोपऱ्यातली एक वही उचलली. "साहेब, आधी यात नाव लिहा. आणि ओळखपत्र दाखवा. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

अशी काही पद्धत नव्हती. आणि ती वही मुलांची चित्रकलेची होती.

"अहो मावशी, साहेबांना काय विचारताय?" काका चिडले.

"ओळखपत्र गाडीत राहिलं," बूटवाला म्हणाला.

"मग आणा की. आम्ही कुठं पळून चाललोय?"

तो गेला नाही. एक पाऊल पुढे टाकून त्याने काकांच्या हातातल्या फायलीला हात घातला. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी फाईल हिसकावली, माझ्यात टाकली, झाकण आपटले आणि ते चक्क माझ्यावर बसले.

"आधी ओळखपत्र," ते म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी माझ्या कडा घट्ट धरल्या होत्या.

"म्हाताऱ्या! नापास करीन तुम्हाला!" त्याने मला सणसणीत लाथ मारली. खाली रस्त्यावर काही लोक बोलत होते. त्यांचा आवाज वर आला, तसा तो दाणदाण जिना उतरून गेला. मावशींनी धावत जाऊन कडी लावली.

मावशी हळूच आत गेल्या. "गेला तो. पाय खाली घे, पोरी."

बराच वेळ पाय खाली आले नाहीत.

जिन्यावरची चिठ्ठी वाचून साहेबाचे सोंग घेऊन आलेला तो तिचा नवराच होता. पोलिसांत तक्रार झाली. ताईंनी त्याच दिवशी शिवणवालीला आणि तिच्या मुलीला दुसरीकडे हलवले. कुठे, ते मला ठाऊक नाही. तो कागद माझ्यात ठेवला नाही.

शुक्रवारी खऱ्या तपासनीस बाई येणार होत्या. काका काकुळतीला आले. "ताई, झाल्या प्रकाराची वाच्यता नको. अनुदान हातचं जाईल. माझ्यामुळे."

"आणि नाही सांगितलं तर, काका? पुन्हा कुणी तरी येईल."

ताईंनी सगळे सांगितले. तपासनीस बाईंनी फायली मागितल्या, तेव्हा काकांनी त्यांचे ओळखपत्र उलटसुलट करून पाहिले आणि चाचरत म्हणाले, "बाई, नावं झाकून दाखवीन. तशी नाही दाखवता येणार." मला वाटले, संपले सगळे.

बाई उठल्या. पडद्याआड जाऊन खुर्चीवर बसल्या. "आता बाहेर हळू आवाजात काहीही बोला," त्या म्हणाल्या. ताई पुटपुटल्यासारख्या बोलल्या. बाहेर आल्यावर तपासनीस बाईंनी शब्द न शब्द परत म्हणून दाखवला.

"पडद्यातून सगळं ऐकू जातं, हे अर्जात का नाही लिहिलंत?"

"लाज वाटली," ताई म्हणाल्या.

चार महिन्यांनी अनुदान आले, मागितल्यापेक्षा कमी. समुपदेशक बाई रोज नाही, पण तीन दिवस येऊ लागल्या. पडद्याच्या जागी भिंत आली आणि तिला दार. फायलींना कपाट मिळाले आणि नावांऐवजी क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती नावांची एकच वही माझ्यात उरली. आता माझी किल्ली ताईंच्या गळ्यात असते.

शिवणवाली पुन्हा इथे आली नाही. ती सुखरूप असेल असे सगळे म्हणतात. मी मात्र बुटांचे आवाज ऐकत राहते.

मित्रांनो, एखादे घाबरलेले माणूस तुमच्यापाशी मन मोकळे करील, तेव्हा त्याचे बोलणे जिवापाड जपा. ते चारचौघांत उघडे करू नका. कुणी साहेब बनून विचारायला आला, तर आधी त्याला विचारा, "तुम्ही कोण?" विचारताना भीती वाटेल. वाटू द्या, पण विचारा.