मागच्या दारावरची सायकल

भय्याजी रामटेक्यांनी मुलाच्या गाडीच्या मागच्या दाराच्या वरच्या कडेवर नखाने टकटक केली, थोडं बाजूला सरकून पुन्हा टकटक केली, आणि हातातला हूक खाली घेतला.

"हे प्लास्टिक हाय," ते म्हणाले. "इथं अडकवला तर रायपूर दूर, कुम्हारीच्या आधीच तुटन."

नरेशने सायकलच्या रॅकसोबत आलेली पुस्तिका पुन्हा उघडली. चित्रात हूक नेमका तिथेच अडकवलेला होता, पण चित्रातली गाडी वेगळी होती. त्याच्या नव्या छोट्या एसयूव्हीला काचेच्या वर शोभेची एक पट्टी होती, आणि ती प्लास्टिकची आहे हे घेतल्यापासूनच्या चार महिन्यांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. रायपूरच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवत असे. छापलेल्यावर त्याचा फार विश्वास.

बाबांनी दार वर उचलायला लावलं, आतून बोटं फिरवली आणि बिजागरीच्या दोन्ही अंगांना पत्र्याची कड शोधून काढली. हूक तिथे बसले. रंग खरवडला जाऊ नये म्हणून त्यांनी जुन्या ट्यूबचे तुकडे कापून हुकांखाली सरकवले. भिलाईतल्या सेक्टर सहाच्या त्या गल्लीत सकाळचं कोवळं ऊन होतं, क्वार्टरच्या ओट्यावर बांधलेली खोकी होती, आणि अडतीस वर्षं पोलाद कारखान्यातल्या मिलच्या मेन्टेनन्समध्ये काढलेला माणूस आपल्या कामात होता. बाबांना असं पाहिलं की नरेशला वाटे, सगळे डॉक्टर खोटं बोलतात.

पण डॉक्टर खोटं बोलत नव्हते. खोटं नरेश बोलत होता.

नरेशची आई, रुक्माबाई, गेली त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर बाबांनी पहिल्यांदा पहाटे साडेचारला डबा सायकलला अडकवला आणि फर्स्ट शिफ्टला निघून गेले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. गेटवरच्या जवानाने ओळखलं, बाकड्यावर बसवलं, शेजारच्या शिल्पाताईंना फोन केला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र ते गेटकडे वळायच्या ऐवजी सरळ गेले, आणि दुपारी हायवेवर ट्रकांच्या रांगेच्या कडेने सायकल ढकलत जाताना सापडले. एक चप्पल पायात नव्हती. कुठे चाललात विचारल्यावर म्हणाले, आज गेट लांब नेलं यांनी.

तेव्हा ठरलं, की क्वार्टर सोडायचं आणि बाबांना रायपूरला न्यायचं. बाबा तयार होते. त्यांची अट एकच, सायकल सोबत येईल. ती येणार नसेल तर ते येणार नव्हते, आणि यावर त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

सुजाताचं, म्हणजे नरेशच्या बायकोचं, म्हणणं होतं की सरळ सांगून टाका. तिथे सायकल चालवता येणार नाही, आम्हाला भीती वाटते. समजतील. नरेश हो हो म्हणत राहिला आणि बाबांसमोर आला की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्याने आपल्या परीने सोपा मार्ग काढला. आठ-दहा किलोमीटरवर, भिलाई-३ला, त्याचा चुलत भाऊ प्रवीण राहत होता, रेल्वेत होता. वाटेत त्याच्याकडे चहाला थांबायचं. बाबा आत चहा पीत असताना प्रवीणने सायकल उतरवून मागच्या शेडमध्ये ठेवायची. निघताना सांगायचं, की चाकात आऊट आहे, ते डगमगतं, प्रवीण दुरुस्त करून आणून देईल. आठवडाभराने बाबा विसरतील. या शेवटच्या वाक्यापाशी आला की नरेशला स्वतःची किळस येई. ज्या आजाराने रात्र रात्र झोप उडवली होती, त्याच्याच भरवशावर त्याने हा बेत रचला होता.

रॅकसुद्धा त्याच हिशोबाने घेतला होता. सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक टपावरचा, आडव्या दांड्यांसकट पक्का बसवायचा. दुसरा पट्ट्यांनी मागच्या दारावर अडकवायचा. तुमची सायकल जुनी, वजनदार आहे, टपावरचाच घ्या, असं तो परत परत सांगत होता. नरेशने एकच विचारलं, लवकर निघतो कोणता. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक हौशी आहे.

"किती किलोचा हाय हा?" बाबांनी आता विचारलं.

"दोन सायकली चालतात. पंधरा-पंधरा किलोच्या."

"आपली बावीसची हाय. कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड धरून." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "चालन. पण गाडीच्या अंगाला चिकटून ठेवा लागन. बाहेरच्या खाचीत ठेवली तर झोल खाईन."

दोघांनी मिळून सायकल उचलली. चोवीस इंची काळी सायकल, दांडा रॅकच्या दोन हातांवर बरोबर बसला. बाबांनी पुढचं चाक वळू नये म्हणून हँडल दांड्याला बांधलं, पॅडल काचेला लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला फिरवलं, त्यावर मोजा चढवला. मग एक एक पट्टी ओढून पाहिली. वरच्या दोन, खालच्या दोन, बाजूच्या दोन. प्रत्येक पट्टीला ते हलकी चापट मारत आणि आवाज ऐकत. डावीकडची खालची त्यांनी पुन्हा सोडून पुन्हा आवळली. नरेश नुसता उभा होता. इतक्या मन लावून चाललेल्या कामात आपण लबाडी मिसळली आहे, ही गोष्ट त्याला गिळता येईना.

नंबरप्लेट सायकलच्या चाकामागे झाकली गेली होती. बाबांना ते पटलं नाही. पुठ्ठ्यावर नंबर लिहून मागे बांधू म्हणाले.

"राहू द्या ना बाबा," नरेश म्हणाला. "आठ-दहा किलोमीटरसाठी कोण पाहते."

बाबांनी मान वर केली. "रायपूर तीस-पस्तीस हाय ना?"

"हव. तीस-पस्तीस. मी असंच म्हटलं."

खोक्यातला पुठ्ठा फाडून बाबांनी ठळक आकडे काढले आणि पुठ्ठा कॅरिअरला बांधला. नरेश उगाच खोकी गाडीत भरायला लागला. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आधीच नीट ठेवला होता, त्याच्या कडेने त्याने भांड्यांचं खोकं सरकवलं.

"इकडं पूर्ण भरू नको," बाबा मागून म्हणाले. "तुही माय कुठं बसन मंग?"

नरेशच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. अशा वेळी काय बोलायचं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते त्याला कधीच वेळेवर आठवत नसे. त्याने वळून पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ते खाली बघायला लागले. मग वाकून त्यांनी बाजूची पट्टी आणखी ओढली. ती आधीच पुरती आवळलेली होती.

तेवढ्यात नरेशचा फोन वाजला. प्रवीणचा होता. नरेश क्वार्टरच्या बाजूला, खिडकीखालच्या पपईच्या झाडापाशी जाऊन बोलला. प्रवीणने शेड मोकळी करून ठेवली होती आणि पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं होतं. कधी निघता, चहा टाकायला सांगू का, असं तो विचारत होता. काकाले काई समजू देत नाई, असंही म्हणाला. नरेशने हळू आवाजात सांगितलं की अर्ध्या तासात निघतो, आणि सायकल पाच मिनिटांत उतरवता येईल अशी आहे. बोलून झाल्यावर तो काही वेळ फोन हातात धरून तिथेच उभा राहिला. त्याला लहानपणची एक गोष्ट आठवत होती. याच सायकलच्या दांड्यावर बसून तो शाळेत जायचा, आणि चढाला बाबांचा श्वास त्याच्या मानेवर लागायचा. उतरून चालू का, असं त्याने कधी विचारलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा बाबा घरातून औजारांची पेटी घेऊन आले होते आणि सायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. फुस्स आवाज येत होता. चाक बसत चाललं होतं.

"बाबा, हवा कावून काढून राहिले?"

मागचा व्हॉल्व्ह काढून झाल्यावर त्यांनी पुढचा काढला. दोन्ही व्हॉल्व्ह नरेशच्या हातात दिले आणि त्याची मूठ मिटली. मग पेटीतून लाल पुठ्ठ्याचा एक टॅग काढून हँडलला बारीक तारेने बांधला. टॅग जुना होता, मिलमधला. त्यावर हिंदीत छापलं होतं, काम सुरू आहे, चालू करू नये. खाली नावाच्या रेघेवर बाबांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, नरेश भय्याजी रामटेके. सहीची जागा कोरी होती.

"सही कर," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

"हे काय हाय बाबा?"

बाबा उभे राहिले. गुडघ्यावर हात ठेवून, जरा वेळ घेऊन. मग त्यांनी सांगितलं. मशीनमध्ये माणूस उतरायचा तर आधी स्वीच बंद करून त्यावर आपल्या नावाचा टॅग लावायचा. तो टॅग असेपर्यंत मशीन कोणी चालू करायची नाही. मोठा साहेब आला तरी नाही. ज्याच्या नावाचा टॅग, त्यानेच काढायचा. कारण आत कोणाचा तरी जीव असतो.

"मले आता ध्यानात राहत नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज कामाचं बोलताना असायचा तसाच होता. "पहाटे जाग आली का शिफ्टची येळ वाटते. इथं तरी लोक वळखतात. तिकडं रस्ते नवे. मी जाईन कुठंतरी."

"बाबा..."

"आयक. माह्या नावाचा लावला तर मीच काढून टाकीन. पण दुसऱ्याच्या नावाचा टॅग अडतीस वर्सांत मी कधी काढलो नाई. डोकं भुलन, हात नाई भुलणार." ते थांबले. "मी भांडीन तुह्याशी. व्हॉल्व्ह मागीन. देऊ नको."

नरेशने मान हलवली.

"अन् सायकल माह्या डोळ्यासमोर ठेव. दारापाशी. दिसली का टॅग दिसन, मंग मी थांबीन. दिसली नाई तर तिले धुंडत पायी निघीन."

नरेशने टॅग गाडीच्या काचेवर टेकवून सही केली. बाबांनी चष्मा कपाळावर सारून ती जवळून पाहिली, तारीख टाकायला लावली, आणि टॅग सोडून दिला. आपल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा नीट काम केल्यासारखी त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. ती थाप नरेशला सहन होईना. सगळं आत्ताच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. प्रवीण, शेड, कुलूप, चहा. त्याने तोंड उघडलं, आणि बाबा ओट्यावरची शेवटची पिशवी आणायला निघून गेले.

क्वार्टरला कुलूप लागलं. बाबांनी ते दोनदा ओढून पाहिलं, चावी नरेशकडे दिली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. पट्टा त्यांचा त्यांनीच लावला. नरेशने गाडी सुरू केली. मागच्या काचेतून सायकलखेरीज काही दिसत नव्हतं.

"प्रवीणले फोन करून दे," बाबा समोर बघत म्हणाले. "वाट पाहत असन तो. चहा टाकू नको म्हना."

प्रवीणचं नाव नरेशने सकाळपासून त्यांच्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. पपईवरच्या त्या खिडकीच्या आत बाबांची औजारांची पेटी असायची, आणि तो फोनवर बोलत असताना बाबा ती आणायला आत गेले होते.

नरेशने इंजिन बंद केलं आणि फोन हातात घेतला. कितीतरी वेळ त्याला नंबर लावता आला नाही. बाबा त्याच्याकडे न बघता, कसलीच घाई नसल्यासारखे, बसून राहिले.