टॉवेलाला पाजलेलं दूध

लोकांच्या संशोधनातल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. शोधनिबंध समोर आला की पाणी कुठे मुरतंय ते मी बरोबर हुडकते. पण मुलगी सहा आठवड्यांची झाली तरी तिचं वजन वाढत नव्हतं, आणि ते का, हे मला कळत नव्हतं. मी इतकी दमले होते की चहात साखर दोनदा घालायची.

नणंद नर्स. दुपारी ड्यूटीवर जाताना डोकवायची. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, "वहिनी, वरचं दूध सुरू करू नकोस हं. अंगावरच्या दुधाची पोरं हुशार निघतात."

"पोटाचे आजार कमी होतात, ते पक्कं," मी म्हणाले. "हुशारीचं तेवढं पक्कं नाही. पाजणाऱ्या आया बऱ्याचदा शिकलेल्या, सवड असलेल्या. श्रेय दुधाचं की घराचं?"

"म्हणजे पावडरीच्या दुधाचा डबा आणायचा म्हणतेस?"

"असं कुठे म्हटलं मी?"

म्हणायचं तेच होतं, पण धीर होत नव्हता. शिवाय माझी वही होती. दहा दिवस मी पोरीला पाजण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडे वहीत लिहीत होते. दर वेळी साठ-सत्तर ग्रॅमची वाढ. म्हणजे दूध पुरत होतं.

पाजून झाल्यावर मी तिला काट्यावर ठेवलं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी विचारलं, "मघाशी दुपट्यात तोललीस, आता टॉवेलात का गं?"

"डोळा लागलेला असतो. काट्याचं ताट गार लागून उठू नये म्हणून," म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

पोरीला त्यांच्या हातात दिलं. नुसतं दुपटं तोललं, मग नुसता टॉवेल. टॉवेल चाळीस ग्रॅमने जड. म्हणजे पोरीच्या पोटात दर वेळी जेमतेम वीस-तीस ग्रॅम. दहा दिवस मी टॉवेलाला दूध पाजत होते. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी निबंध परत धाडला असता. इथे माझं लेकरू उपाशी होतं. मी खुर्चीत बसले आणि रडले.

नणंद पर्स खाली ठेवून माझ्याशेजारी बसली. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "दादाला अंगावर पाजलं. तुझ्या वेळी दूधच आलं नाही. तू डब्यावर वाढलीस."

"आई! कधी बोलली नाहीस."

"लाज वाटायची."

दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

नणंदेने पर्स उचलली. "अंगावर पाजणं सोडू नकोस. पण वरचंही देऊ. डबा मी आणते," म्हणाली आणि पळालीच.

अर्ध्या तासाने पोर बाटलीतलं दूध घटाघटा प्यायली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. सासूबाईंनी रिकामी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"लाजायचं ते मी तुझ्या वाटणीचंही लाजून घेतलंय," त्या म्हणाल्या. "तू जा, झोप."