काशाची वाटी आणि परका रुमाल

मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरील घरात दुपारच्या वामकुक्षीपूर्वीचा एक विधी बेचाळीस वर्षे अखंड चालत आला होता. विद्याधर पलंगावर आडवे होत आणि रुक्मिणीबाई काशाच्या वाटीला साजूक तूप लावून त्यांचे तळपाय घाशीत. तळवे काळवंडले, की अंगातील उष्णता निघाली असे समजून थांबत. देवपूजेइतकीच ती सेवा त्यांना पवित्र होती. आणि देव सर्वांचा असला, तरी ही सेवा केवळ त्यांची होती.

गेल्या पंधरवड्यापासून मात्र विद्याधर म्हणत, "आज राहू दे." मग उशीखाली एक घडी घातलेला रुमाल सारीत आणि पाहता पाहता घोरू लागत. रुमालाला फुलांचा, थोडा कापरासारखा, सर्वस्वी परका गंध येई.

रुमाल होता समोरच्या घरातील विनिताबाईंचा. पवईच्या लेकीने त्यांना लॅव्हेंडरचे तेल आणून दिले होते, आणि सोसायटीच्या बागेतील बाकावर रोज सायंकाळी या दोघांपुढे त्याचे माहात्म्य चाले.

"दोन थेंब रुमालावर टाकले की डोळा लागतो, वहिनी. कपाटात बोळा ठेवला की कपड्यांना कसर लागत नाही. डोकं जड झालं, तरी नुसता वास घ्यायचा."

"भांडी निघतात का हो त्याने?" रुक्मिणीबाईंनी विचारले. विद्याधर मोठ्याने हसले, विनिताबाईही हसल्या. दोघे एकदम हसले, हे रुक्मिणीबाईंच्या काळजात रुतून बसले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानातून तेच तेल आणले. परक्या बाईच्या दोन थेंबांनी हे झोपतात, तर आपल्या हातच्या अख्ख्या बाटलीने काय होईल! दुपारी, "राहू दे" म्हणण्याची उसंत न देता, त्यांनी बाटली वाटीत रिती केली आणि तुपासारखेच ते तेल वाटीने तळव्यांवर घासले.

"अगं, थांब! आग होतेय नुसती!"

तळवे लालबुंद झाले. आरडाओरडा ऐकून विनिताबाई धावत आल्या.

"अहो वहिनी, हे तूप नव्हे! चमचाभर खोबरेलात दोन थेंब मिसळायचे असतात. आधी खोबरेल लावून पुसून काढा, मग साबण लावा." मग त्यांची दृष्टी रुक्मिणीबाईंच्या हाताकडे गेली. "आणि या सुजल्या अंगठ्याने इतकं घासलंत? विद्याधरसर म्हणालेच होते, हिला वाटी धरवत नाही, पण थांबायची नाही. म्हणून तर मी रुमाल दिला."

विनिताबाई अवघडून निघून गेल्या.

"म्हणजे माझा अंगठा दुखतो, हे बागेतल्या बाकाला ठाऊक," रुक्मिणीबाई तळवे पुसत म्हणाल्या. "मला मात्र नुसतं 'आज राहू दे'!"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण आधी मला सांगायचं!"

दुसऱ्या दुपारी विद्याधर जपून पावले टाकीत स्वयंपाकघरात गेले. वाटीत खोबरेल घेतले, बाटलीच्या तळाशी उरलेले दोन थेंब त्यात झटकले, आणि पलंगावर येऊन म्हणाले, "अंगठा पुढे कर."

रुक्मिणीबाईंनी बराच वेळ तोंड फिरवून ठेवले, हात मात्र पुढे केला होता.

सायंकाळी त्यांनी तो रुमाल धुतला, त्याला इस्त्री केली आणि समोरचे दार स्वतः वाजवले.

"घ्या हो," त्या अत्यंत गोड स्वरात म्हणाल्या, "यांना आता लागत नाही."