छाटायचे ते मजकुराला

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण बोथट म्हणाल तर खबरदार!

लोहाराने मला लांब पात्यांची घडवली ती कागदासाठी. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, आत्याबाईंच्या टेबलावर माझे तारुण्य गेले. विस्कळीत बातमी आली की आत्याबाई तिच्या पट्ट्या कापायच्या, वरच्या खाली, खालच्या वर मांडायच्या आणि डिंकाने चिकटवायच्या. माझे कौतुक साऱ्या कचेरीत होते. पुढे संगणक आले, आत्याबाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घरी स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापू लागले. अपमान गिळला, धार सोडली नाही.

एका दुपारी त्यांची भाची आली. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. तिला गणितही शिकायचे होते आणि इतिहासही. तीन विद्यापीठांना अर्ज जायचे होते: एकाकडे गणितासाठी, दुसऱ्याकडे इतिहासासाठी, तिसऱ्याकडे दोन्हींच्या जोड अभ्यासक्रमासाठी. विषय का निवडला, ते प्रत्येकाला लिहून कळवायचे होते. भिंगरीने तिघांसाठी एकच मजकूर छापून आणला होता.

पाठोपाठ तिचे वडील आलेच. "दोन दगडांवर पाय ठेवलास तर तोंडावर आपटशील. एक विषय छाट!"

"दादा, तू जरा गप्प बस," आत्याबाई म्हणाल्या. "आणि भिंगरे, तूही शहाणी आहेस! पथ्याच्या माणसाला नि पैलवानाला एकच ताट वाढतेस होय? आण ती कात्री."

किती वर्षांनी मी कागद कापला! मजकूर होता पुलाच्या भिंतीवरच्या जुन्या पूरखुणांचा. भिंगरीने त्या मोजल्या होत्या, पुराच्या पाण्याचा हिशेब मांडला होता आणि त्या कुणी कोरल्या हेही शोधले होते. गणितवाल्यांसाठी हिशेबाची पट्टी वर गेली आणि कोरणारे एका ओळीत बसले. इतिहासवाल्यांसाठी कोरणारे पुढे आले. तिसऱ्या अर्जात दोन्ही एकमेकांत विणले. खोटे एक अक्षर नव्हते. फक्त कुणाला आधी काय सांगायचे, ते बदलले.

इतिहासवाल्यांचा नकार आला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" वडील म्हणाले. भिंगरी रडली, पण दोन्ही विषयांचा अर्ज मागे घेईना. जोड अभ्यासक्रमाच्या मुलाखतीत तिला विचारले, "एक विषय सोडावा लागला तर?"

"मग ती भिंत मला अर्धीच वाचता येईल," ती म्हणाली. "अर्धी वाचायला मी आलेली नाही."

तिला तिथे जागा मिळाली. आता वडीलच शेजाऱ्यांना ऐकवतात, "आमची पोरगी दोन्ही शिकते, म्हटलं!"

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या, मजकूर हवा तितका कापा. पण कुणाच्या धाकाने स्वतःचा एखादा तुकडा कापायला माझ्याकडे याल, तर सांगून ठेवते, माझी पाती उघडणार नाहीत.